मॅकबेथ दचकतो तो क्षण : पात्राच्या मनातला काळोख शोकात्मिकेची वाट ठरवतो का?

तिसरी_घंटा

नमस्कार. आम्ही काही वाचक दर पंधरा दिवसांनी एकत्र जमतो आणि एकेक नाटक मोठ्याने वाचतो. गेल्या दोन बैठकांत शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' वाचून झाले. शेवटी जो वाद झाला तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून येथे मांडत आहे.

पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी स्कॉटलंडच्या राजाचा सरदार असलेल्या मॅकबेथला तो पुढे राजा होणार असल्याचे सांगतात. त्यांच्या बोलण्यात खुनाचा एक शब्दही नाही. तरीही मॅकबेथ दचकतो, आणि शेजारी उभा असलेला त्याचा सोबती सरदार बँको त्याला विचारतो की, इतकी गोड वार्ता कानी पडली असताना तू भ्यायल्यासारखा का दिसतोस? आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे पडले की, सगळे नाटक या एका दचकण्यात आहे. विचार आधीपासून मनात होता आणि चेटकिणींनी त्याला फक्त हाक मारली. इतरांचे म्हणणे नेमके उलट होते. राजा डंकन त्याच रात्री त्याच्या गढीत मुक्कामाला आला नसता, पत्नीने त्याच्या पुरुषार्थालाच डिवचले नसते, तर तो विचार मनातल्या मनात विरून गेला असता; तेव्हा नाटक घडवते ती परिस्थिती, विकार नव्हे.

मी घरी येऊन ॲरिस्टॉटलची मते पुन्हा वाचली आणि जास्तच गोंधळले. तो संविधानकाला, म्हणजे घटनांच्या गुंफणीला, शोकात्मिकेचा आत्मा म्हणतो आणि स्वभावचित्रणाला दुसरे स्थान देतो. कृतीवाचून शोकात्मिका होऊच शकत नाही, स्वभावचित्रणावाचून मात्र होऊ शकते, इथपर्यंत तो जातो. शिवाय त्याच्या मते उत्तम शोकात्मिकेचा नायक कोसळतो तो दुष्टपणामुळे नव्हे, तर 'हमार्शिया'मुळे, म्हणजे एखाद्या चुकीमुळे. या शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. मॅकबेथचा नेम कुठे चुकला आहे? आपण ज्यावर नेम धरला आहे त्याला हात लावणे पाप आहे, हे तो खुनाच्या आधी स्वतःच्या तोंडाने सविस्तर सांगतो. डंकन त्याचा आप्त आहे, राजा आहे, पाहुणा आहे, आणि भला माणूस आहे. इतके सगळे कळत असताना तो ते करतो.

आपल्याकडे षड्रिपूंची कल्पना आहे, पण काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर सर्वांच्याच ठायी असतात. मग एखाद्याच्याच बाबतीत त्यांची शोकात्मिका का होते? 'महत्त्वाकांक्षेमुळे नाश झाला' हे उत्तर परीक्षेच्या पेपरात चालते; मला ते पुरत नाही. मनातला काळा आवेग प्रवेशामागून प्रवेश नाटकाला नेमका कसा वळवतो, हे कोणी संहितेच्या आधाराने उलगडून सांगू शकेल का?

जुना_वाचक

आपला प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या गटातील दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालल्या आहेत, ती अशी की विकार ही मनात ठेवलेली एक वस्तू आहे आणि ती एक तर आहे किंवा नाही. मला वाटते, शोकात्मिकेत विकार असण्यानसण्याला फारसे महत्त्व नसते. महत्त्व असते ते मनात आवेग उठणे आणि हातून कृती घडणे यांच्यामधल्या अंतराला. ते अंतर किती आहे, त्यात काय काय घडते आणि प्रत्येक कृतीनंतर ते किती कमी होते, याचा आलेख म्हणजेच 'मॅकबेथ'चे संविधानक. ॲरिस्टॉटलने कृतीला पहिले स्थान दिले म्हणून स्वभाव मागे पडतो, असे मी मानत नाही, कारण स्वभाव दिसतो तो या अंतरातच.

पहिला खून घ्या. दचकण्यापासून डंकनच्या मृत्यूपर्यंत पहिल्या अंकाचा उरलेला सगळा भाग आणि दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश जातो. या काळात मॅकबेथ काय काय करून पाहतो? प्रथम तो नशिबावर सोडतो : दैवाला मला राजा करायचेच असेल तर मी बोट न हलवताही ते मुकुट देईल. मग डंकन आपल्या मुलाला वारस म्हणून जाहीर करतो, आणि मॅकबेथ ताऱ्यांना सांगतो की तुमचा उजेड झाका, माझ्या काळ्या आणि खोल इच्छा त्याला दिसू देऊ नका. पुढे सातव्या प्रवेशात तो पंक्तीतून उठून एकटाच बाहेर येतो, पापपुण्याचा सगळा हिशेब मांडतो आणि पत्नीला स्पष्ट सांगतो की या कामात आपण आणखी पुढे जायचे नाही. म्हणजे त्याने निर्णय घेतलेला होता! तो निर्णय काही ओळींत फिरतो. इतकी घासाघीस झाल्यावर पहिली कृती घडते.

दुसरी हत्या पाहा. खून उघडकीस आल्यावर तो राजाच्या शयनगृहातील दोन रखवालदारांना मारतो. याबद्दल पतिपत्नीचे काहीच ठरलेले नव्हते, ठरले होते ते त्यांच्यावर आळ घालण्याचे. येथे स्वगत नाही, हिशेब नाही. आपल्याला ही हत्या रंगमंचावर दिसतही नाही. तो परत येऊन सांगतो तेव्हा कळते. वाचताना आपण या दोघांना विसरून जातो, आणि मला वाटते शेक्सपिअरला आपण विसरायला हवे आहोत, कारण मॅकबेथही विसरला आहे.

तिसरी हत्या बँकोची. आता त्याच्याकडे विचार आहे, पण तो पापाचा नाही, सुरक्षिततेचा आहे. पत्नीला तो विश्वासात घेत नाही. तिने अजाण राहावे आणि काम झाल्यावर वाहवा करावी, असे तिला लाडाने सांगतो. ज्या दोघांचे मन पहिल्या खुनाच्या वेळी एक होते, त्यांच्यात इथे भिंत उभी राहते, आणि तिथून पुढे ती दोघे एकेकटी कोसळत जातात. त्या मेजवानीच्या रात्रीच तो म्हणतो की, माझ्या डोक्यात अशा गोष्टी आहेत ज्या तपासून पाहण्याआधीच करून टाकायला हव्यात.

आणि चौथी. त्याच्यापासून दूर राहिलेला सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाल्याची बातमी येते आणि मॅकबेथ ठरवतो की, इथून पुढे मनात जे पहिले येईल तेच हातात पहिले येईल. पुढच्याच प्रवेशात मॅकडफची बायको आणि मुलगा मारले जातात. या खुनाने त्याला काही म्हणता काही मिळत नाही. मुकुट आधीच त्याच्या डोक्यावर आहे आणि मॅकडफ हाताबाहेर गेलेला आहे. आवेग आणि कृती यांच्यातले अंतर शून्यावर आले आहे, एवढेच. आणि नेमक्या याच निरर्थक हत्येमुळे मॅकडफ त्याचा वैयक्तिक वैरी बनून परत येतो. विकार संविधानकाला कसा वळवतो असे आपण विचारले होते. तो हा असा : ज्या कृतीत विचाराला जागाच उरली नव्हती, तीच कृती नायकाला मारणारा हात तयार करते.

आता 'विकार सर्वांनाच असतात' या आपल्या मुद्द्याकडे येतो. शेक्सपिअरने त्याचे उत्तर बँकोच्या रूपाने नाटकातच ठेवले आहे. दुसऱ्या अंकाचा अगदी आरंभ पाहा. मध्यरात्र झाली आहे, चंद्र मावळला आहे, आणि बँको झोपायला जाताना आपली तलवार मुलाच्या हाती देतो. त्याला झोप हवी आहे आणि नकोही आहे, कारण झोपेत जे अमंगळ विचार मोकळे सुटतात ते आवरण्यासाठी तो देवाची करुणा भाकतो. त्याचे वंशज राजे होतील, असे चेटकिणींनी त्यालाही सांगितले होते; म्हणजे भविष्यवाणीचे विष त्याच्याही रक्तात भिनले आहे. फरक असा की तो आपल्या आवेगाला ओळखतो, त्याला अमंगळ म्हणतो आणि शस्त्र हातातून दूर करतो. तो आत जातो, आणि त्याच प्रवेशात, त्याच जागी उभ्या असलेल्या मॅकबेथला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो. एकाच्या हातून शस्त्र निघून जाते आणि दुसऱ्याच्या हाताकडे ते आपणहून चालत येते. विकार दोघांचाही एकच आहे.

मध्यंतर

जुना_वाचक, आपले विवेचन मनापासून आवडले, तरी मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. 'मॅकबेथ'मध्ये विकार आणि नायक एकाच देहात आहेत, म्हणून आपला आलेख इतका स्वच्छ निघतो. 'ऑथेल्लो'चे काय करायचे? तेथे काळा आवेग आहे तो मुख्यतः सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालच्या इयागोच्या मनात, आणि शोकात्मिका मात्र ऑथेल्लोची होते. दुसऱ्याच्या मनातला काळोख माझ्या आयुष्याची वाट ठरवत असेल, तर त्याला 'पात्राच्या विकारातून घडलेली शोकात्मिका' म्हणायचे की 'कपटाची गोष्ट'?

शिवाय इयागोच्या बाबतीत आवेग नेमका कोणता, हेच धड हाती लागत नाही. कॅशिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला बढती मिळाली आणि आपल्याला मिळाली नाही, हे तो सांगतो. ऑथेल्लोचा इयागोच्या पत्नीशी संबंध असावा, असा संशय सांगतो, पुढे तोच संशय कॅशिओवरही घेतो. कारणे इतकी की एकावरही विश्वास बसू नये. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजने याला हेतुशून्य दुष्टाव्याने चालवलेला हेतूंचा शोध म्हटले होते. शेवटी सगळे उघड झाल्यावर त्याला 'का केलेस' असे विचारले जाते, तेव्हा तो 'मला काही विचारू नका, तुम्हांला कळले ते कळले' असे म्हणतो आणि इथून पुढे आपण एक शब्दही बोलणार नाही असे जाहीर करतो. सबंध नाटकात सर्वांत जास्त बोलणारा माणूस उत्तर देण्याच्या वेळी तोंड मिटून घेतो. खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू'मध्ये केशवशास्त्री रंगवला तो इयागोच्याच वळणावर, आणि वाचताना तिथेही माझ्या मनात हाच प्रश्न आला : हा माणूस नाटकाचे कारण आहे की नाटकाचे यंत्र?

आणि योगायोगाचे काय? ऑथेल्लोचे डोके दुखते म्हणून त्याची पत्नी डेस्डिमोना आपल्या रुमालाने ते बांधू पाहते, तो रुमाल लहान आहे म्हणून तो झटकून टाकतो, रुमाल खाली पडतो, आणि ज्याच्यावरून पुढे तिचा जीव जाणार आहे तो रुमाल तिथेच टाकून दोघेही निघून जातात. इयागोची बायको एमिलिया हिने तो उचलला नसता तर? हा प्रसंग कोणाच्याही विकाराने घडवलेला नाही. उलट त्या क्षणी डेस्डिमोनाच्या मनात निव्वळ माया आहे.

तरीही आपल्या 'अंतरा'च्या कल्पनेला पुष्टी देणारी एक गोष्ट मला नाकारता येत नाही. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीस ऑथेल्लो म्हणतो की तिच्यावरचे माझे प्रेम सरले तर सगळी सृष्टी पुन्हा गोंधळात बुडेल. हाच प्रवेश संपतो तेव्हा तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेऊन चुकला आहे, कॅशिओला तीन दिवसांत संपवण्याचे काम त्याने इयागोवर सोपवले आहे आणि डेस्डिमोनाला कसे मारायचे याचा विचार करायला तो आत चालला आहे. मॅकबेथला जे अंतर कापायला चार अंक लागले ते याने एका प्रवेशात कापले. माझा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे मिटत नाही, पण तो दुसरीकडे सरकतो. इयागो ठिणगी आणतो हे खरे; इतक्या लवकर पेट घेणारे गवत मात्र त्याने आणलेले नाही.

शब्दवेडी

एक छोटी भर. या धाग्याच्या शीर्षकात 'शोकात्मिका' हा शब्द आहे, 'शोकांतिका' नाही, याबद्दल आभार. शेवटी कोणी मेले म्हणजे शोकांतिका होते. शोकात्मिकेत शोक नाटकाच्या आत्म्यातच असतो. येथे चाललेल्या चर्चेला हा दुसराच शब्द लागू पडतो.

मॅकबेथला सगळे कळत होते तरी त्याने केले, हे तिसरी_घंटा यांना कोड्यात टाकणारे वाटले, पण हा अनुभव फार जुना आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीसची 'मेडिआ' इसवी सनपूर्व ४३१ मध्ये रंगभूमीवर आली. त्यात स्वतःच्या मुलांना मारण्याआधी मेडिआ म्हणते की, मी किती भयंकर काम करायला निघाले आहे हे मला कळते, पण माझा संताप माझ्या विचारापेक्षा बलवान आहे. आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातला जाणारा श्लोक तर सर्वांना पाठ आहे : 'जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, जानाम्यधर्मं न च मे निवृत्तिः.' आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जे विचारतो ते एखाद्या नाट्यसमीक्षकाने विचारावे तसे आहे : इच्छा नसताना, कोणी बळेच जुंपावे तसा माणूस पाप का करतो? श्रीकृष्णाचे उत्तर काम आणि क्रोध असे आहे. पण मला त्या प्रश्नातले 'बलादिव' हे पद जास्त महत्त्वाचे वाटते. 'बळेच' नव्हे, 'बळेच केल्यासारखे'. त्या एका 'इव'मध्ये माणसाची जबाबदारी शिल्लक राहते.

आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्याला 'विकारविलसित' हे नाव दिले. विलसित म्हणजे खेळ, क्रीडा. नायकाचे नाव काढून त्या जागी विकारांचा खेळ ठेवणे, ही मला आजही एक संपूर्ण समीक्षा वाटते.

विंगेतला

मी अभ्यासक नाही. हौशी रंगभूमीवर मॅकबेथची भूमिका मराठीतून केली आहे, तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

खून करून मॅकबेथ परत येतो तो प्रवेश बसवताना मला फार त्रास झाला. संहितेनुसार दोन्ही खंजीर त्याच्या हातातच असतात. ते रखवालदारांजवळ ठेवायचे ठरलेले असते आणि तो विसरलेला असतो. सुरुवातीच्या तालमींत मी बोलताना सारखा हातांकडे पाहत असे. दिग्दर्शकांनी मला थांबवून विचारले की, तुम्हांला खंजीर दिसत असतील तर ते जागेवर ठेवून येण्याची आठवण तुम्हांला का होत नाही? त्या दिवसापासून मी हातांकडे पाहणे बंद केले. हात माझे नाहीतच असे धरून बोलू लागलो. रंगीत तालमीत हातांना लावलेला घट्ट लाल रंग बोलता बोलता वाळला आणि मूठ खंजिराच्या दांड्याला चिकटली. लेडी मॅकबेथ करणाऱ्या बाईंनी खंजीर ओढून घेतला तेव्हा माझी बोटे सुटेनात, त्यांना ती एकेक करून उलगडावी लागली. तो प्रकार आम्ही नंतर तसाच ठेवला.

त्यातून मला जे उमजले ते जुना_वाचक यांच्या मांडणीच्या जवळ जाते, पण थोडे वेगळे आहे. मॅकबेथचा आवेग त्याच्याकडे विचार म्हणून येत नाही, चित्र म्हणून येतो. चेटकिणी निघून जातात तोच त्याला असे काही दिसते की केस ताठ उभे राहतात. मग हवेत खंजीर दिसतो, मग त्यावर रक्ताचे थेंब दिसतात, मेजवानीत रिकाम्या जागी बँको बसलेला दिसतो. पाप करण्याआधी आणि नंतर ते डोळ्यांपुढे स्वच्छ उभे राहणे, ही त्याची शिक्षाही आहे आणि त्याचा मोठेपणाही आहे. कोणीतरी 'देव आमचे भले करो' म्हणाले, त्यावर आपल्या तोंडून 'आमेन' निघाले नाही, हे तो पुन्हा पुन्हा पत्नीला सांगतो. दोन मिनिटांपूर्वी खून करून आलेल्या माणसाला खुनापेक्षा न निघालेल्या शब्दाचे दुःख जास्त आहे! ज्याच्या ठायी इतका जिवंत विवेक आहे त्याच्याच विकाराची शोकात्मिका होते. मख्ख माणसाने हेच खून केले असते तर ती गुन्ह्याची बातमी झाली असती.

लेडी मॅकबेथचे याच्या नेमके उलट आहे. थोड्याशा पाण्याने हे सारे धुऊन निघेल, असे ती त्याच प्रवेशात म्हणते, आणि पाचव्या अंकात झोपेत चालताना तोच हात चोळत राहते. पण तिच्या तोंडचे एक वाक्य मला त्याहून मोलाचे वाटते. राजा झोपेत माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच काम उरकले असते, असे ती सहज बोलून जाते. तिने काळ्या शक्तींना आवाहन करून आपल्यातली सगळी माया शोषून घ्यायला सांगितली होती. ती पुरती शोषली गेली नाही, हे त्या वाक्यात कळते. त्या बाई हे वाक्य फार हळू, जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणत, आणि मला विंगेत उभा असताना दर प्रयोगाला तिच्या पुढच्या वेडाची चाहूल तिथेच लागत असे.

शेवटी मॅकडफच्या कुटुंबाविषयीची ओळ. ती मी सुरुवातीला मोठ्या त्वेषाने म्हणत होतो. दिग्दर्शकांनी ती सपाट म्हणायला लावली, हुकूम सोडावा तशी. त्वेष म्हणजे अजून आत काहीतरी झुंजते आहे, आणि येथे झुंज संपलेली आहे. त्या ओळीनंतर प्रेक्षागृहात जी शांतता पसरत असे ती डंकनच्या खुनानंतरही पसरत नव्हती.

जुना_वाचक

विंगेतला, आपल्या अनुभवाने माझ्या मांडणीत एक दुरुस्ती झाली. अंतर कमी होते म्हणजे चित्र दिसणे बंद होते. पाचव्या अंकात आतून बायकांचा आक्रोश ऐकू आल्यावर तो म्हणतो की, भीतीची चव काय असते हे मी जवळपास विसरलो आहे. तेव्हा पत्नीच्या मृत्यूची बातमी येते आणि त्याच्याकडे तिच्यासाठी रडूही नसते, उद्यामागून सरपटत येणाऱ्या उद्यांबद्दलची ती प्रसिद्ध ओसाड वाक्ये असतात.

मध्यंतर यांच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की, योगायोग शोकात्मिकेत असतोच, पण रुमाल पडणे आणि रुमाल पुरावा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडला तो योगायोगाने. पुरावा ठरला तो मत्सराने.

मध्यंतर

हे मान्य. आता एक आपल्या रंगभूमीवरचे उदाहरण मांडतो, कारण त्यात विकार कोणता हे ओळखण्यातच वाचकाची परीक्षा होते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून ते दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ओळखले जाते. दारू हा तेथील काळा आवेग आहे का? माझे मत 'नाही' असे आहे.

सुधाकर बुद्धिमान वकील आहे, स्वाभिमानी आहे, पत्नी सिंधूवर त्याचे प्रेम आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. तो अपमान त्याला सोसवत नाही, आणि घटकाभर विसर पडावा म्हणून तळीरामाने पुढे केलेला पेला तो ओठांना लावतो. पुढे एकदा तो निश्चयाने दारू सोडतो, नोकरी मागत प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तेथे झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा क्रम तोच आहे : आधी मान दुखावतो, मग पेला येतो. विकार आहे तो मद, म्हणजे अभिमान, मद्य नव्हे. मद्य हे त्या मदाला मिळालेले दार आहे. तळीरामाला पुष्कळ जण सुधाकराचा इयागो म्हणतील, पण तळीराम स्वतःच त्या दारूत बुडून मरतो. त्याला सुधाकराचा नाश नको होता, संगत हवी होती.

आणि जुना_वाचक यांच्या अंतराच्या कल्पनेशी अगदी जुळणारी गोष्ट सुधाकर स्वतःच आपला मित्र रामलाल याला सांगतो. दारू सुटण्याची एकच वेळ असते आणि ती पहिला प्याला घेण्याच्या आधीची, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. ते ज्याला सर्वांत नीट समजले आहे त्याच्यासाठी ती वेळ निघून गेलेली आहे. मला या नाटकातला मरणाचा शेवटही इतका अस्वस्थ करत नाही, जितके हे शहाणपणाचे बोलणे करते, कारण येथे कोणी चेटकीण नाही, इयागो नाही, आणि आपल्या नाशाचे निदान इतके अचूक करणारा माणूस शुद्धीवर आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. सिंधूच्या वाट्याला येणारे दुःख तिच्या कोणत्याही विकारातून आलेले नाही. डेस्डिमोनाचे नाही, मॅकडफच्या मुलाचेही नाही. एकाच्या मनातला काळोख नाटकाची दिशा ठरवतो तेव्हा त्या दिशेवर उभी असलेली माणसे कोणत्याही हमार्शियावाचून चिरडली जातात. नायकाच्या स्वभावावर आपण इतके बोलतो, तेव्हा त्या माणसांसाठी आपल्याकडे सिद्धांत नसतो, याची मला नेहमी खंत वाटते.

तिसरी_घंटा

सर्वांची मनापासून आभारी आहे. मध्यंतर यांचा शेवटचा परिच्छेद आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. मॅकडफच्या मुलाचा प्रवेश आम्ही वेळेअभावी गाळला होता, आणि ते चुकलेच. तो मुलगा मरण्याआधी आईशी किती लाडात आणि हुशारीने बोलतो, हे मी काल रात्री एकटीने मोठ्याने वाचले आणि मध्येच थांबले.

जुना_वाचक यांनी दाखवलेली बँकोची तलवार माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. म्हणून मी त्याचे सगळे प्रवेश पुन्हा वाचले, आणि एक नवी शंका निर्माण झाली. तिसरा अंक उघडतो तो बँकोच्या स्वगताने. मॅकबेथने मुकुटासाठी घाणेरडा डाव खेळला असावा, अशी भीती तो बोलून दाखवतो. पण हे तो दुसऱ्या कोणालाही सांगत नाही. उलट, चेटकिणींचे शब्द मॅकबेथच्या बाबतीत खरे ठरले तर माझ्या वंशाबद्दलचेही खरे ठरतील, अशी आशा तो मनाशी धरतो आणि त्याच क्षणी राजा आल्याची तुतारी वाजते म्हणून गप्प होतो. ज्याने अमंगळ विचारांपासून वाचवण्याची प्रार्थना केली, तोच आता त्या विचारांच्या फळाची वाट पाहत गप्प बसतो. त्याने शस्त्र उचललेले नाही हे खरे. पण त्याचे हे मौन अंतराच्या अलीकडचे मानायचे की पलीकडचे?

जुना_वाचक

त्या प्रवेशाकडे मी आजवर असे पाहिले नव्हते. मी बँकोला आवेग आवरणारा माणूस म्हणून उभे केले, आणि आपण दाखवलेल्या जागी तो तसा उरत नाही. तो बोलला असता तर डंकनचे मुलगे मॅल्कम आणि डोनलबेन यांच्यावरचा पित्याच्या खुनाचा आळ तेव्हाच दूर होऊ शकला असता. तो बोलत नाही, आणि त्याच संध्याकाळी त्याच्यावर मारेकरी घातले जातात. मुलाला 'पळ' म्हणून ओरडतो तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने बोलतो.